हातावरची वाघीण

मालगाडीच्या डब्याला मराठीत ‘वाघीण’ म्हणतात. ‘वॅगन’ हा इंग्रजी शब्द मराठी माणसाच्या जिभेवर रुळला आणि रुळता रुळता त्याने वाघाच्या मादीचे रूप घेतले. हा शब्द ऐकून लहान मुलांना हसू येते. परंतु रेल्वेच्या फाटकापाशी थांबून ज्यांनी कोळशाने भरलेली मालगाडी जाताना पाहिली आहे, पायाखालची जमीन हादरल्याचे ज्यांना जाणवले आहे, त्यांना हे नाव अगदीच गैर वाटणार नाही. या पाठात आपण त्या वाघिणीची ओळख करून घेणार आहोत, मात्र थोड्या निराळ्या वाटेने. ऐंशी टनांची ही वाघीण तळहातावर मावेल एवढी लहान करावयाची ठरविली, तर काय काय करावे लागेल आणि ते करताना मोठ्या वाघिणीविषयी आपल्याला काय उमजेल, हे आपण पाहू.

प्रथम एक भेद स्पष्ट करावयास हवा. खेळणे आणि प्रतिकृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाराणसीची लाखकाम केलेली लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. खेळण्यातला हत्ती निळा असला किंवा घोड्याचे डोळे त्याच्या कानांएवढे असले, तरी कोणी तक्रार करीत नाही. खेळणे पाहताक्षणी आनंद देते आणि त्याचे काम तेथेच पूर्ण होते. प्रतिकृतीचे तसे नसते. तिने मूळ वस्तूशी इमान राखलेले असते. मूळ वस्तूची प्रत्येक लांबी एकाच संख्येने भागून जी वस्तू तयार होते, तिला प्रमाणबद्ध प्रतिकृती म्हणतात. खेळण्याला ‘हे कशासारखे दिसते?’ एवढे विचारून चालते. प्रतिकृती करणाऱ्याला मात्र ‘हे असेच का आहे?’ असा प्रश्न पावलोपावली पडतो.

या विषयासाठी रामनगरसारखे दुसरे ठिकाण शोधूनही सापडणार नाही. वाराणसीसमोर, गंगेच्या पूर्व काठावर हे छोटे शहर वसले आहे. काशीनरेशांचा किल्ला येथे आहे. १९५२ ते १९५६ या काळात देशाचे रेल्वेमंत्री असलेले लालबहादूर शास्त्री यांचे घर येथे आहे. त्यांचा जन्म मात्र जवळच्या मुगलसरायचा. हे मुगलसराय म्हणजे मालगाड्यांचे माहेरघर. १८६२ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेचे रूळ तेथे पोहोचले. तेथील मार्शलिंग यार्ड आशिया खंडातील सर्वांत मोठ्या यार्डांमध्ये गणले जात आले आहे. २०१८ मध्ये या स्थानकाचे नाव ‘पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन’ असे झाले. झारखंडच्या खाणींतील कोळसा घेऊन पश्चिमेकडील वीज केंद्रांकडे निघालेल्या वाघिणींच्या रांगा येथून जात असतात आणि रिकाम्या वाघिणी याच वाटेने परततात. एवढेच नव्हे, तर खुद्द रामनगरात २०१८ मध्येच गंगेच्या काठावर मालवाहतुकीचे नवे बंदर सुरू झाले आणि कोलकात्याहून जलमार्गाने कंटेनर तेथे उतरले. या कंटेनरचे आणि वाघिणीचे नाते पुढे येईलच.

रामनगर जगभर ओळखले जाते ते मात्र रामलीलेसाठी. सुमारे महिनाभर चालणाऱ्या या रामलीलेला एकच रंगमंच नाही. शहराच्या एका भागात अयोध्या आहे, दुसऱ्या भागात जनकपूर, कोठे पंचवटी, तर शहराच्या टोकाला लंका. प्रेक्षक रामाच्या मागोमाग अयोध्येहून वनवासाला पायी निघतात. म्हणजे रामनगर हे संपूर्ण शहरच वर्षातून एकदा भारतवर्षाची प्रतिकृती होते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या प्रतिकृतीत माणसे आपल्या मूळ आकाराची असतात. लहान होते ते दोन गावांमधील अंतर. रेल्वेच्या प्रतिकृती करणाऱ्यांनाही नेमकी हीच युक्ती वापरावी लागते, हे आपण नंतर पाहू.

आता प्रमाणाकडे वळू. जगात रेल्वेच्या प्रतिकृती अनेक प्रमाणांत होतात. त्यांतील सर्वाधिक प्रचलित प्रमाण ‘एचओ’ या नावाने ओळखले जाते. ते १ : ८७ असे आहे. खऱ्या रेल्वेवरील ८७ मीटर म्हणजे येथे एक मीटर. ८७ हा आकडा विचित्र वाटतो. शंभर का नाही, पन्नास का नाही, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर जुन्या मापांत दडलेले आहे. इंग्लंडमध्ये ‘ओ’ नावाचे एक प्रमाण रूढ होते आणि त्यात खऱ्या एका फुटासाठी सात मिलिमीटर घेत असत. घरातील जागेच्या मानाने ते मोठे पडू लागले, तेव्हा त्याचे निम्मे करण्यात आले, म्हणजे एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. एक फूट ३०४.८ मिलिमीटरचा असतो, त्याला ३.५ ने भागले की ८७.१ येतात. ‘एचओ’ या नावातील ‘एच’ म्हणजे ‘हाफ’, अर्थात निम्मे. फूट आणि मिलिमीटर यांची अशी खिचडी झाल्यामुळे ८७ या आकड्याला जगभर मान मिळाला आहे.

आपण प्रतिकृतीसाठी एक वाघीण निवडू. भारतीय रेल्वेवर ती सर्वत्र दिसते. कोळसा आणि खनिज वाहणारी, वरून उघडी, तांबूस तपकिरी रंगाची ही वाघीण ‘बॉक्सएन’ या नावाने ओळखली जाते. या नावातील अक्षरांना अर्थ आहे. ‘बी’ म्हणजे बोगी, ‘ओ’ म्हणजे उघडी, ‘एक्स’ उंच बाजूंसाठी आणि ‘एन’ म्हणजे न्यूमॅटिक, अर्थात दाबलेल्या हवेवर चालणारे ब्रेक असलेली. बोलताना आपण संपूर्ण डब्यालाच ‘बोगी’ म्हणतो. तांत्रिक भाषेत मात्र डब्याखालची चार चाकांची फिरती चौकट म्हणजे बोगी. बॉक्सएनला अशा दोन बोग्या असतात, म्हणजे एकूण आठ चाके.

या वाघिणीची एका जोडणीपासून दुसऱ्या जोडणीपर्यंतची लांबी १०,७१३ मिलिमीटर, रुंदी ३,२०० मिलिमीटर आणि रुळांपासूनची उंची ३,२२५ मिलिमीटर असते. चाकाचा व्यास एक मीटर. ८७ ने भागल्यावर लांबी १२३ मिलिमीटर, रुंदी आणि उंची प्रत्येकी सुमारे ३७ मिलिमीटर आणि चाक साडेअकरा मिलिमीटरचे होते. मोठ्या काडेपेट्या एकापुढे एक ठेवाव्यात तसा हा आकार. तळहातावर तो सहज राहतो.

प्रतिकृती करणारा येथेच थबकतो. ही वाघीण आखूड का आहे? हिच्या आधीची ‘बॉक्स’ नावाची वाघीण सुमारे १३.७ मीटर लांब होती. दोघींच्या प्रतिकृती शेजारी शेजारी ठेवल्या, तर जुनी वाघीण नवीपेक्षा सुमारे ३५ मिलिमीटरने लांब भरते. काळ पुढे जातो तशा वस्तू मोठ्या होतात अशी आपली समजूत असते. येथे ती उलटी ठरते. याचे कारण वाघिणीत नाही, स्थानकात आहे. एका गाडीला वाट देण्यासाठी दुसरी गाडी बाजूच्या रुळावर घ्यावी लागते. त्या बाजूच्या रुळाची लांबी बहुतेक ठिकाणी ६८६ मीटर ठरलेली आहे. गाडी याहून लांब झाली, तर तिची शेपटी मुख्य मार्गावरच राहील. म्हणजे गाडीची लांबी वाढविता येत नाही. वाढविता येतो तो दर मीटरमागचा भार. बॉक्सएनचे स्वतःचे वजन २२.४७ टन आणि तिच्यात भरावयाचा माल ५८.८१ टन, मिळून ८१.२८ टन. जुन्या बॉक्स वाघिणीचे भरलेले वजनही साधारण एवढेच होते. परंतु दर मीटरमागे हिशेब केला, तर जुनीचा भार सहा टनांच्या आत राहतो आणि नवीचा साडेसात टनांच्या वर जातो. ५८ बॉक्सएन वाघिणी एकापुढे एक जोडल्या की ६२१ मीटर लांबी होते. पुढे इंजिन आणि मागे ब्रेकव्हॅन धरूनही गाडी बाजूच्या रुळावर मावते आणि एका खेपेत सुमारे ३,४०० टन कोळसा पोहोचतो. पस्तीस मिलिमीटरच्या फरकाने एवढी हकिकत सांगितली. नुसत्या खऱ्या गाडीकडे पाहून ती सहसा सुचत नाही, कारण खरी गाडी आपण एका दृष्टिक्षेपात कधी पाहतच नाही.

जोडणीचीही अशीच कथा आहे. जुन्या चारचाकी वाघिणींना दोन्ही टोकांस दोन दोन गोल बफर असत आणि मध्ये स्क्रूची साखळी. ती जोडण्यासाठी माणसाला दोन डब्यांच्या मध्ये वाकून उतरावे लागे. अंगावर काटा आणणारे ते काम होते. बॉक्सएनला बफर नाहीत. मध्यभागी मुठीसारखा एकच जाडजूड कपलर आहे. दोन वाघिणी एकमेकींवर आल्या की दोन मुठी एकमेकींत अडकतात. ओढणे आणि ढकलणे ही दोन्ही कामे तोच करतो. प्रतिकृतीतही ही मूठ करता येते आणि ती खरोखर अडकते. काही बनावटींत तर रुळांखाली लोहचुंबक ठेवून ती हात न लावता सोडविता येते.

बाजूच्या पत्र्यावर उभ्या लोखंडी पट्ट्या दिसतात. त्या शोभेच्या नव्हेत; आतला कोळसा बाजूंना बाहेरच्या दिशेने रेटत असतो, त्या रेट्याला त्या तोंड देतात. अशी वाघीण रिकामी करताना ‘टिपलर’ नावाचे यंत्र तिला रुळाच्या तुकड्यासकट धरते आणि कुशीवर फिरवून उलटी करते. अनेक वीज केंद्रांकडे जाणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या वाघिणी तळाची दारे उघडून माल खाली सोडतात. त्यांचा तळ नाळक्यासारखा उतरता असतो. माल उतरण्याची रीत वाघिणीचा चेहरा ठरविते, असे म्हणावयास हरकत नाही. कंटेनर वाहणाऱ्या वाघिणीला तर बाजूच नसतात. ती एक बुटकी, सपाट चौकट असते. वीस फुटी कंटेनर ६.०५८ मीटर लांब आणि २.४३८ मीटर रुंद असतो. रामनगरच्या बंदरात जहाजातून उतरणारी पेटी, मालमोटारीवरची पेटी आणि वाघिणीवरची पेटी या तिन्ही एकच. प्रतिकृतीत ती ७० मिलिमीटर लांब आणि २८ मिलिमीटर रुंद होते. नवशिक्याने पुठ्ठ्यापासून सुरुवात करावयाची असेल, तर या पेटीपासून करावी. हिच्याएवढी सोपी आणि तरीही खरी वस्तू दुसरी नाही.

येथपर्यंत भागाकाराने आपली साथ केली. आता तो साथ सोडू लागतो, आणि माझ्या मते या विषयाचा खरा गाभा येथेच आहे.

बॉक्सएनच्या बाजूंचा पत्रा सुमारे पाच मिलिमीटर जाडीचा धरला, तर ८७ ने भागून ०.०६ मिलिमीटरही जाडी उरत नाही. आपण लिहितो तो कागदही साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. एवढ्या पातळ पत्र्याची वाघीण बोटात धरताच चेमटेल. म्हणून प्रतिकृतीचा पत्रा प्रमाणापेक्षा जाड ठेवावा लागतो आणि फक्त वरची कड तासून ती पातळ असल्याचा भास निर्माण करावा लागतो.

वजनाचे गणित याहून विलक्षण आहे. लांबी ८७ पट कमी झाली की रुंदी आणि उंचीही तेवढ्याच पटीने कमी होतात. म्हणून क्षेत्रफळ ८७ × ८७, म्हणजे ७,५६९ पट कमी होते आणि घनफळ ८७ × ८७ × ८७, म्हणजे ६,५८,५०३ पट. वजन घनफळाबरोबर चालते. २२.४७ टनांची रिकामी बॉक्सएन ८७ ने भागून होईल अवघी ३४ ग्रॅम आणि भरलेली १२३ ग्रॅम. चौतीस ग्रॅमची वाघीण वळणावर रुळांवरून सहज घसरते. म्हणून तिच्या तळाशी शिशाचा किंवा लोखंडाचा तुकडा लपवितात. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या १९३५ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने यासाठी एक साधा नियम सुचविलेला आहे : एचओ प्रमाणाच्या डब्याला मुळात एक औंस आणि लांबीच्या दर इंचामागे अर्धा औंस. आपल्या बॉक्सएनला हा नियम लावला, तर सुमारे ९७ ग्रॅम येतात. म्हणजे प्रतिकृती रिकामी दिसत असली, तरी ती जवळजवळ भरल्या वाघिणीएवढे वजन पोटात बाळगून धावत असते.

स्प्रिंगांचेही तसेच. बोगीच्या चौकटीत वेटोळ्यांच्या जाड स्प्रिंगा बसविलेल्या असतात आणि माल भरला की त्या दबतात. स्प्रिंगेची तार आणि वेटोळी ८७ पट लहान केली, तर तिचा ताठपणा फक्त ८७ पट कमी होतो. तिच्यावरचा भार मात्र साडेसहा लाख पट कमी झालेला असतो. खरी स्प्रिंग ४० मिलिमीटर दबत असेल, तर प्रतिकृतीतील स्प्रिंग ०.००५ मिलिमीटर दबेल. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढेही हे दबणे नाही. आकार सारखा राहिला तरी बळ सारखे राहत नाही, हे गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हाडांचे उदाहरण घेऊन समजावून सांगितले होते. हत्तीएवढी मुंगी का होऊ शकत नाही, याचे उत्तर आणि वाघिणीची स्प्रिंग लहान का होत नाही, याचे उत्तर एकच आहे.

भारतीय वाघिणीपुढे आणखी एक अडचण उभी राहते, ती रुळांची. एचओ प्रमाणाच्या तयार रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. त्याला ८७ ने गुणले की १,४३५ मिलिमीटर होतात. हे युरोप-अमेरिकेतील प्रमाण अंतर आहे. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची आहे; तिची प्रतिकृती १९.३ मिलिमीटर व्हावयास हवी. सुमारे तीन मिलिमीटरचा हा फरक क्षुल्लक वाटेल, परंतु डोळ्यांना तो खुपतो. रुंद अंगाची वाघीण अरुंद पायांवर उभी राहिल्यासारखी दिसते. बहुतेक जण हा दोष पत्करतात. काही काटेकोर छांदिष्ट मात्र स्वतः रूळ अंथरतात आणि आसही लांब करून घेतात. गंमत अशी, की पुणे मेट्रोचे रूळ १,४३५ मिलिमीटर अंतराचे आहेत. म्हणजे पुण्याची मेट्रो एचओच्या रुळांवर चपखल बसेल, आणि तिच्या शेजारून जाणारी दीडशे वर्षांहून जुनी रेल्वे बसणार नाही.

सगळे बदलते, एक काळ मात्र बदलत नाही. ताशी ७५ किलोमीटर वेगाने निघालेली ५८ वाघिणींची रांग फाटकावरून जायला सुमारे तीस सेकंद लागतात. प्रतिकृतीत ही रांग सात मीटरांहून थोडी लांब होते आणि वेग सेकंदाला २४ सेंटिमीटर. तिलाही तीसच सेकंद लागतात. लहान गाड्या फार वेगाने पळविण्याचा मोह अनेकांना होतो आणि तेथे प्रतिकृतीचे पुन्हा खेळणे होते.

आता रामनगरच्या रामलीलेकडे पुन्हा जाऊ. वाराणसी स्थानकापासून मुगलसराय सुमारे १७ किलोमीटर आहे. १ : ८७ या प्रमाणात हे अंतर जवळजवळ १९५ मीटर होते. वाटेत गंगेवरचा मालवीय पूल लागतो. १८८७ मध्ये खुल्या झालेल्या या पुलाचे पूर्वीचे नाव डफरिन पूल. खालून रेल्वे आणि वरून रस्ता अशी त्याची रचना आहे. एक किलोमीटरहून थोडा लांब असलेला हा पूल प्रतिकृतीत बारा मीटर भरेल. एवढे दालन कोणाच्या घरी असते? म्हणून वाघिणी १ : ८७ राहतात, आणि पुलाच्या सोळा कमानींऐवजी चारच घेतल्या जातात, दोन स्थानकांमधील मैदान दोन हातांवर येते. अयोध्या आणि लंका जशी चालत जाण्याच्या अंतरावर येतात, तशीच ही गोष्ट. पाहणाऱ्याला खोटेपणा जाणवत नाही, कारण जवळच्या वस्तूंचे माप खरे असते आणि अंतर तो मनाने भरून काढतो.

मराठी माणसाला अशी रचना पाहावयाची असेल, तर पुण्याच्या कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ रोजी ते सर्वांसाठी खुले झाले. एचओ प्रमाणातील गाड्या, सिग्नल, रस्ते आणि इमारती असलेले एक संपूर्ण लघुनगर तेथे चालताना दिसते. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील शिंदे घराण्याची चांदीची गाडी मात्र निराळ्या जातीची. मेजवानीच्या लांबच लांब मेजावर रुळ मांडलेले, त्यांवरून ही छोटी गाडी पाहुण्यांपुढे पेये आणि सिगार घेऊन फिरे. कोणी सुरई उचलली की ती थांबे. ही कोणत्याही खऱ्या वाघिणीची प्रतिकृती नव्हे. तरीही ती खऱ्या अर्थाने मालगाडी होती, कारण ती माल पोहोचवीत असे. पुण्यातल्या प्रमाणबद्ध वाघिणींना हे भाग्य लाभत नाही. त्या कोळशाच्या चुऱ्याचा बारीक थर पाठीवर घेऊन नुसत्या फिरत राहतात.

प्रतिकृतींचे एक काम फारसे कोणी लक्षात घेत नाही. वाफेची इंजिने जुनी झाली की त्यांतली काही संग्रहालयांत जातात, स्थानकांसमोर चौथऱ्यांवर उभी राहतात. वाघिणीच्या नशिबी सहसा भंगार येते. वीस-बावीस टन माल नेणाऱ्या चारचाकी बंद वाघिणी एके काळी देशभर धान्य, खत, सिमेंट, मीठ, सारे काही वाहत होत्या. मुगलसरायच्या यार्डात त्या वेगवेगळ्या गावांच्या गाड्यांतून एकत्र येत. इंजिन त्यांना एका उंचवट्यावर ढकलत नेई, माथ्यावर जोडणी सुटे आणि प्रत्येक वाघीण स्वतःच्या भाराने उतारावरून घरंगळत, सांधे बदलतील तशी आपापल्या गावाच्या रुळावर जाऊन थांबे. १९८० च्या दशकापासून एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी जाणाऱ्या संपूर्ण गाड्या चालविण्याचे धोरण आले आणि वाघिणी अशा निवडण्याची गरज हळूहळू संपत गेली. तिच्याबरोबर चारचाकी वाघीणही गेली. गाडीच्या शेपटीला असणारी, गार्डची छोटी गच्ची मिरविणारी ब्रेकव्हॅनही आता त्याच वाटेवर आहे; खुद्द ‘गार्ड’ हे पदनाम २०२२ मध्ये ‘ट्रेन मॅनेजर’ झाले. उद्या एखाद्याला विचारावेसे वाटले, की ती घरंगळणारी वाघीण नेमकी कशी होती, तिच्या दाराची कडी कोठे होती, ब्रेकचा दांडा कोणत्या बाजूला होता, तर छायाचित्रांत उत्तर मिळेलच असे नाही. छायाचित्रकाराचे डोळे इंजिनावर असतात. प्रतिकृती करणाऱ्याला मात्र चारही बाजू आणि तळसुद्धा माहीत करून घ्यावा लागतो.

हे माप घ्यावयाचे कसे? यार्डात शिरून फूटपट्टी लावणे हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, आणि धोकाही मोठा. लखनौ येथे १९५७ मध्ये स्थापन झालेली रिसर्च डिझाइन्स अँड स्टँडर्ड्स ऑर्गनायझेशन ही संस्था भारतीय वाघिणींचे आराखडे तयार करते; मुख्य मापे त्या आराखड्यांवरून कळतात. उरलेले फलाटावर उभे राहून, डोळ्यांनी टिपावे लागते. बाजूच्या पट्ट्या किती, त्यांतील अंतर समान आहे की नाही, तळाकडचा पत्रा कोठे गंजला आहे, हे वहीत उतरवून घ्यावे लागते. पावसाचे पाणी आणि ओला कोळसा यांनी गंज कोठून सुरू होतो, हे पाहिल्यावाचून रंगाची छटाही नीट साधत नाही.

शेवटी राहतो वाघिणीवरचा मजकूर. तिच्या अंगावर अकरा अंकी क्रमांक लिहिलेला असतो. पहिले दोन अंक वाघिणीचा प्रकार, पुढचे दोन मालक असलेली रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष, मग चार अंक तिचा स्वतःचा क्रमांक आणि शेवटचा अंक पडताळणीचा. समजा, एक कल्पित क्रमांक २२०१०५१२३४ असा दहा अंकी आहे. त्यातील ०१ म्हणजे मध्य रेल्वे आणि ०५ म्हणजे २००५. पडताळणीचा अंक आपणच काढू. सम स्थानांवरील अंक २, १, ५, २ आणि ४. बेरीज १४, तिची तिप्पट ४२. विषम स्थानांवरील अंक २, ०, ०, १ आणि ३, बेरीज ६. एकूण ४८. यापुढची दहाच्या पटीतील संख्या ५०. म्हणून शेवटचा अंक २. प्रतिकृतीवर हा अंक चुकीचा लिहिला, तर कोणाच्याही ध्यानात येणार नाही, पण जाणकार तो बरोबरच लिहितात.

क्रमांकाशेजारी वाघिणीचे वजन आणि तिच्यात भरावयाच्या मालाचे वजन असते. त्याखाली लहान अक्षरांत आणखी एक नोंद असते : ही वाघीण मागे कोणत्या कारखान्यात, केव्हा दुरुस्त झाली आणि पुन्हा केव्हा तेथे परतावयाची आहे. दुरुस्तीनंतर ती नोंद पुसून नवी लिहितात. त्यामुळे प्रतिकृती करणाऱ्याला रंगाचा शेवटचा हात देण्यापूर्वी एक तारीख निवडावीच लागते. त्याची वाघीण ही कोणत्याही बॉक्सएनची प्रतिकृती राहत नाही. मुगलसरायच्या फलाटावरून एका विशिष्ट महिन्यात पाहिलेल्या, पुढच्या दुरुस्तीची तारीख अजून न उलटलेल्या एका वाघिणीची ती प्रतिकृती असते.